"काही नाही"चे अठ्ठेचाळीस रकाने

समोरची बाई "काही नाही" म्हणाली की भिंगारदिवे चपला काढतात.

हे दोन शब्द येईपर्यंत ते दारातच उभे असतात, निघायच्या बेतात असल्यासारखे. नाव विचारतात, वय विचारतात, घरात माणसं किती ते विचारतात. मग प्रश्न येतो, काम काय करता? बाई म्हणते, "काही नाही, घरीच असते." झालं! भिंगारदिवे चपला काढून भिंतीशी ठेवतात, ओट्यावर मांडी घालतात, पेन्सिलीचं टोक बघतात आणि म्हणतात, "असं का? मग उठल्यापासून सांगा." मी बरोबर असले तर सावलीतली जागा शोधते. पुढचा दीड तास गेलेला असतो.

नगरला आकडे गोळा करणारं आमचं एक ऑफिस आहे. नाव सांगत नाही, नोकरी करायची आहे अजून. भिंगारदिवे तिथे घरोघरी फिरून फॉर्म भरतात आणि मी त्यांची पर्यवेक्षक, म्हणजे वयाने वीस वर्षांनी लहान साहेब. या महिनाअखेर ते निवृत्त होतायत. सध्या वेळेची पाहणी चालू आहे. माणसाचा एक दिवस घ्यायचा, पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, आणि त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करायचे. अठ्ठेचाळीस रकाने होतात. प्रत्येकात त्या वेळी काय केलं ते लिहायचं. बायका किती आणि कसलं काम करतात हे यातून सरकारला कळावं, त्यावरून प्रशिक्षण, कर्ज, योजना ठराव्यात, असा हेतू आहे. बाई कागदावरच बिनकामाची निघाली तर तिच्यासाठी काहीच ठरत नाही.

आमचे घुले जेवणाच्या सुट्टीआधी बारा घरं उरकतात. ओट्यावर जो पुरुष बसला असेल त्याला विचारतात, तो म्हणतो "ती घरीच असते", की टॅबवर घरकाम दाबून पुढचं दार. भिंगारदिवे आधी कागदावर पेन्सिलीने लिहितात, टॅबवर नंतर; त्यांची दिवसाला तीन घरं झाली तर डोक्यावरून पाणी. त्यांनाही पूर्वी इतका वेळ लागत नसे. मांडी घालायची सवय गेल्या दोन वर्षांतली. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील.

त्यांची आणखी एक तऱ्हा. गावात शिरलं की ते सरपंचाकडे जात नाहीत, चहाच्या टपरीवर जातात आणि तिथे गावाचं घड्याळ उतरवून घेतात. मुक्कामी एसटी किती वाजता सुटते, नळाला पाणी कधी येतं, डेअरीची गाडी कधी, शाळेची घंटा कधी, शेतीची थ्री फेज लाईट कुठल्या पाळीची. कारण बाईला "साडेपाचला काय करत होता?" विचारलं तर ती म्हणते, "म्या काय घड्याळ बगते व्हय?" पण "एसटी गेली तेव्हा हातात काय होतं?" विचारलं की लगेच सांगते, "शेन."

पारनेर तालुक्यातल्या एका गावात मी त्यांच्याबरोबर होते. लंकाबाई नावाची बाई. दारात एक म्हैस आणि चार शेळ्या, अंगणात वाटाण्याच्या शेंगांचा ढीग, मांडीशी लहानगा नातू, आणि बाई शेंगा निवडता निवडताच म्हणाली, "काय न्हाई, घरीच आस्ते."

चपला निघाल्या.

नवरा बाजेवर बसला होता. त्याला वाटलं, मदत करावी. म्हणाला, "साहेब, मला इचारा ना. ती काय करती? सैपाकपानी. ल्ह्या घरीच हाय."

"दादा, तुम्ही उठता कधी?"

"सातला."

"मग चार ते सातचं तुम्हाला कसं माहीत? झोपलेल्या माणसाची साक्ष आम्ही धरत नाही. बोला ताई. एसटीच्या आधी उठता की नंतर?"

"आदी. लई आदी."

"आणि मग?"

हे त्यांचं पालुपद. ऑफिसात त्यांचं नावच पडलंय 'आणि मग'. लंकाबाईने म्हशीची धार काढली, आणि मग? डेअरीला दूध घातलं. डेअरीचं कार्ड कुणाच्या नावावर? यांच्या. आणि मग? भाकरी. आणि मग? वाटाणा तोडायला. स्वतःच्या रानात का मजुरीला? आज मजुरीला, काल आपल्यात. आणि मग? मधल्या सुट्टीत शेळ्यांना पाला. पाला तोडताना नातू कुठे? कडेवर. इथे भिंगारदिवे थांबले. एका वेळी दोन कामं आणि रकाना एक! त्यांनी बारीक अक्षरात दोन्ही कामं त्या एका चौकटीत कोंबली आणि मला म्हणाले, "हा रकान्याचा दोष आहे मॅडम, बाईचा नाही."

सगळे रकाने भरल्यावर त्यांनी तो दिवस लंकाबाईला मोठ्याने वाचून दाखवला. ही पण त्यांची रीत, फॉर्मवर कुठेही सांगितलेली नाही. बाई हातातली शेंग तशीच धरून ऐकत होती.

"आगं बया," ती म्हणाली, "येवढं करते व्हय मी?" आणि शेंग खाली ठेवून, "पुन्यांदा वाचा बरं. यांना आयकू द्या."

यांनी तोवर चप्पल शोधली होती आणि ते शेजारी कुणाकडे तरी निघाले होते.

हा प्रयोग त्यांनी ऑफिसातही केला. डबा खाताना मला म्हणाले, "मॅडम, उठल्यापासून सांगा." मी म्हटलं, भिंगारदिवे, माझं ऐकलंत तर तुमचा घास घशाखाली उतरणार नाही. मग ते आमच्या मोठ्या साहेबांकडे वळले. साहेबांनी हौसेने सांगायला सुरुवात केली आणि जेवण ते चहा या वेळात त्यांचे चार रकाने मोकळे राहिले. भिंगारदिवे पेन्सिल धरून शांतपणे "आणि मग?" म्हणत राहिले. साहेबांच्या ते मनात राहिलं असावं, असं मला पुढे वाटलं.

कारण पुढच्या आठवड्यात लंकाबाईच्या गावचे चाळीस फॉर्म परत आले. वरून शेरा होता, या गावात कामकरी बायका एवढ्या कशा, मागच्या फेरीशी आकडे जुळत नाहीत. साहेबांनी भिंगारदिव्यांची बाजू घेतली नाही, उलट मला बोलावलं. "निम्म्या बायका घरकामात टाका आणि दुरुस्तीवर भिंगारदिव्यांची सही घ्या. सही देत नसतील तर सगळं गाव रद्द करू, घुले पुन्हा भरतील."

घुले भरतील म्हणजे काय होईल, हे मला लख्ख दिसत होतं. लंकाबाई दोन मिनिटांत पुन्हा "घरीच" होणार होती. पण खरं सांगते, मला तेव्हा त्या चाळीस बायकांपेक्षा माझ्यामागचा तगादा जास्त जाणवत होता. वाटलं, म्हाताऱ्याने सही दिली की सुटले. जाता जाता कशाला घोळ घालतात? भिंगारदिवे खोकल्याने दोन दिवस रजेवर होते. शनिवारी मी दुरुस्तीचे कागद पिशवीत घातले आणि केडगावला त्यांच्या घरी गेले.

त्यांच्या घरी मी आधी कधीच गेले नव्हते. घरातलं मला एकच माहीत होतं, नाताळच्या करंज्या. दर वर्षी सुट्टीनंतर भिंगारदिवे डबा घेऊन यायचे आणि टेबलाटेबलावरून फिरवायचे. पातळ पापुद्र्याची, न फुटलेली करंजी. मी एकदा म्हटलं होतं, "एवढ्या करंज्या! वहिनींना केवढा व्याप." ते म्हणाले होते, "घरीच तर असते." दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेव्हापासून डबा आला नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर, त्याखाली वहिनींचा फोटो. भिंगारदिवे चहा करायला आत गेले. टेबलावर आमच्याच पाहणीचा एक कागद होता. मला वाटलं, चाळिसातला एखादा राहिला. मी उचलला. वर नाव होतं, एस्तेर भिंगारदिवे.

पहाटे चारपासूनचे रकाने पेन्सिलीने भरले होते. पाणी, चूल, प्रार्थना, माझा डबा, माझ्या शर्टाला इस्त्री. नऊपर्यंत. संध्याकाळी सहापासून पुन्हा अक्षर सुरू होत होतं. मधले अठरा रकाने मोकळे होते. मोकळे म्हणजे कोरे नव्हेत, लिहून लिहून खोडलेले. खोडरबराने कागद तिथे मऊ पडला होता.

भिंगारदिवे कप घेऊन दारात उभे होते. मी कागद खाली ठेवला, पण उशीर झाला होता.

"मागच्या फेरीत आमचंच घर निवडीत आलं होतं," ते म्हणाले. "ऑफिसातलाच माणूस आला. मी निघायच्या घाईत होतो. फाटकात उभ्या उभ्याच सांगितलं, मिसेस काही करत नाही, घरीच असते. पायात चपला होत्या माझ्या. ती आतून म्हणाली, थांबा हो, त्यांना चहा तरी घेऊ द्या. तो चहासुद्धा कुणी लिहिला नाही."

त्यांनी कप त्या कागदाशेजारी ठेवले.

"ती गेल्यावर एक दिवस बसलो लिहायला. आयुष्यभर दुसऱ्यांचं भरलं, म्हटलं, हिचं भरू. नऊला मी गाडी काढायचो. सहाला यायचो. मधलं मला येतच नाही, मॅडम. बायांना विचारत बसतो. एखादी म्हणते, दुपारी गोधडी शिवली. मी म्हणतो, हीपण शिवत असेल. घरी येऊन लिहितो. मग वाटतं, हा अंदाज झाला, नोंद नाही. खोडतो."

बत्तीस वर्षांचा संसार होता त्यांचा. मला एकदम वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते तेव्हा ठरवता आलं नाही.

"शेजारी विचारलंत?" मी म्हटलं.

"कसं विचारू?" ते कपाकडे बघत म्हणाले. "माझी बायको दिवसभर काय करायची, हे मी शेजारणीला विचारायचं?"

सगळ्या जिल्ह्यातल्या बायकांना खोदून खोदून विचारणारा माणूस आणि दोन घरांमधली कमरेएवढी भिंत त्याला दोन वर्षं ओलांडता आली नव्हती. मी उठले, मागच्या अंगणात गेले आणि हाक मारली. शेजारच्या शकूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी सरळ विचारलं, "एस्तेरवहिनी दहा-अकराच्या सुमारास काय करत असायच्या हो?"

"एस्तरबाई? हितंच की, या वट्याव," शकूबाई म्हणाल्या. "कापड बाजारातनं ब्लाऊजांचे गठ्ठे यायचे. दोगी मिळून काजं करायचो, हुका लावायचो. माज्यापेक्षा तिचा हात लई चालायचा. भाऊंना म्हाईत न्हाई व्हय? आवो, तुमी ती मोपेड फिरवता, ती कुनाच्या हुकांवर आली?"

भिंगारदिवे माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "ती म्हणाली होती, भिशी लागली."

"आसं म्हन्ली व्हय?" शकूबाई हसल्या आणि मग हसू आवरून लसणाकडे बघत राहिल्या.

माझ्या पिशवीतले कागद पिशवीतच राहिले. सोमवारी मी स्वतः त्या गावाला गेले, लंकाबाईसकट दहा घरी बसून पडताळणी केली आणि "बदल नाही" असा शेरा मारून फॉर्म वर पाठवले. खाली सही माझी. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण गाव रद्द झालं नाही, एवढं नक्की.

हे सोमवारचं. शनिवारी मी निघाले तेव्हा भिंगारदिवे आत जाऊन तो मऊ पडलेला कागद आणि पेन्सिल घेऊन आले. भिंतीला वळसा घालून ते शकूबाईंच्या दारी गेले. ओट्याखाली त्यांनी चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट लावून ठेवल्या, आणि लसणाच्या सालांपासून जरा अंतर राखून मांडी घातली.

"दहा ते साडेदहा काजं," त्यांनी लिहिलं. पेन्सिल पुढच्या रकान्यावर नेली.

"आणि मग?"