पंचूमामांची फरशी

पंचूमामांनी अठरा वर्षांत माझं तोंड एकदा तरी नीट पाहिलंय का, याची मला शंका आहे. ते माणसाला पायांवरून ओळखतात. सकाळी दुकानात पाऊल टाकलं की खाली बघूनच म्हणतात, "रुक्मा, डाव्या टाचेला भेग पडलीय ग. एरंडेल लाव." घरात कुणाला दिसली नाही ती भेग मामांना दहा हातांवरून दिसते.

तंजावरातल्या एका तीन मजली साड्यांच्या दुकानात मी रेशमी साड्या दाखवते आणि मामा फरशी सांभाळतात. हाताखाली पाच बायका आणि गोल ब्रशाचं एक मशीन. त्या मशीनला ते "तंबी" म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. दुकानभर तमिळ चालतं. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, राजवाड्यामागच्या बोळांतले. मामांचं पूर्ण नाव पंचापकेश राव, तिरुवैयारूच्या देवाचं. पण एवढं मोठं नाव घेईपर्यंत ते दुसऱ्या मजल्यावर पोचलेले असतात.

वाळूला आमच्याकडे मण् म्हणतात. मामांचा मंत्र एकच, "पहिलें मण्, मग पाणी." वाळू कोरडी असतानाच झाडून घ्यायची. ओलं फडकं तिच्यावर फिरलं की तीच वाळू फरशी खरवडते. हा मंत्र ते कुठंही लावतात. मी एकदा सुनेशी भांडून आले आणि साड्यांच्या घड्या चुकवायला लागले. मामा माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "रडू नको. पहिलें मण्, मग पाणी. काय टोचतंय ते आधी बाहेर काढ." घरी जाऊन मी सुनेला काय टोचतंय ते सांगितलं. रडणं त्यानंतर झालं, दोघींचं मिळून.

फरशीपुढे मामांना दुसरं काही दिसत नाही. एकदा उन्हातून आलेल्या एका बाईंना खालच्या मजल्यावर भोवळ आली. हातातल्या पेल्यातलं लिंबाचं सरबत सांडलं. आम्ही सगळ्या बाईंकडे धावलो, मामा सरबताकडे. "आंबट संगमरवराला खातं!" असं ओरडत त्यांनी दोन फडक्यांनी सगळं टिपलं, साध्या पाण्यानं पुसलं, कोरडं केलं आणि मग वर बघून म्हणाले, "अय्यो, बाईपण पडल्यात?"

यंदा दिवाळीच्या तोंडावर नवे मॅनेजर आले. त्यांनी चकाकीचं कसलंसं औषध मागवलं. "फरशी आरशासारखी पाहिजे. गिऱ्हाइकाला साडी खाली दिसली पाहिजे," ते तमिळमध्ये म्हणाले.

मामा त्यांच्या बुटांकडे बघत होते. "सार, तुमच्या बुटांना खाली रबर आहे. साडी घ्यायला आमची बाई कालव्याकाठच्या गावाहून बसनं येते. कडेवर पोर, हातात पिशवी, पायात झिजलेली चप्पल. ती साडी बघेल की पाय सांभाळेल?"

"ते मी बघतो. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, दुसरा माणूस आणू."

मामांचं वय त्रेसष्ट. या वयात दुसरीकडे कोण घेणार? मामांनी औषधाचा डबा उचलला आणि ते निघून गेले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी आमची फरशी होती तशीच होती. मॅनेजरांची खोली मात्र आरशासारखी लखलखत होती. "पहिला मान साहेबांना," मामा म्हणाले. "तीन दिवस बघा सार. आवडलं तर सगळीकडे लावतो."

पहिल्या दिवशी मॅनेजर खूश. त्यांनी आम्हाला एकेक करून फरशी बघायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी एसीतून थोडं पाणी ठिबकलं आणि साहेब शेवाळलेल्या घाटावरून चालावं तसे भिंत धरून चालायला लागले. तिसऱ्या दिवशी आतून हाक आली, "राव! जरा या!" साहेब टेबलाला दोन्ही हातांनी धरून उभे होते. आम्ही दाराशी गर्दी केली होती, हसू दाबत. मामा हसले नाहीत. अनवाणी आत गेले, हात पुढे केला. "हळू सार. माझा हात धरा. पाय घसटत या, उचलू नका."

ते औषध काढायला मामांना दोन सकाळी लागल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी खोलीचा कोपरान् कोपरा घासला, पुन्हापुन्हा पुसला. कुणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी ते दुकानात आलेच नाहीत. कंबर धरली होती. अठरा वर्षांत पहिली रजा.

रविवारी मी डब्यात मिरीचं रसम घेऊन त्यांच्या घरी गेले. एकाच दुकानात काम करून, शेजारच्या बोळात राहूनही मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. मामांनी कुणाला बोलावलंच नव्हतं. वाटेत मनाशी म्हणत होते, यांच्या घरची फरशी कशी असेल! पाय ठेवायचीसुद्धा भीती वाटेल.

आत फरशी दिसतच नव्हती. दारापासून पुढे गोणपाटाचे, काथ्याचे, जुन्या साड्यांचे पट्टे जमिनीला चिकटवलेले. वेडेवाकडे, जाड टाक्यांनी जोडलेले. मामा खाटेवर पडून होते.

"कोण आलं रे पंचू?" आतून एक म्हातारी विचारत आली. नजर कुठंच नव्हती.

"दुकानातली रुक्मा, अक्का."

"बस हो. काफी करतें," म्हणत अक्का वळल्या आणि भिंतीला हात न लावता सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

मी मामांकडे बघितलं. ते माझ्या पायांखालच्या पट्ट्याकडे बघत होते.

"थोरली बहीण," ते हळूच म्हणाले. "डोळे गेले, सहा वर्षं झाली. पायाला काथ्या लागला की स्वयंपाकघर. गोणपाट लागलं की न्हाणी. मऊ साडी लागली की तिची खाट. कुणाला हाक मारावी लागत नाही तिला."

"दुकानात कधी बोलला नाहीत मामा."

"मी दिवसभर तिथं. ही इथं एकटी. सांगून काय करूं?" मग कुजबुजले, "कंबरेचं बोलू नको ग. तिला सांगितलंय, दुकान थोडे दिवस बंद आहे."

अक्का दोन्ही हातांत काफीचे पेले घेऊन परत निघाल्या. काथ्याच्या पट्ट्याचं एक टोक सुटून वर आलं होतं. मला ते दिसेपर्यंत मामा ओठ दाबून खाटेवरून खाली उतरले होते. दोन्ही गुडघे जमिनीवर टेकून त्यांनी ते टोक तळहातानं दाबून धरलं.

अक्कांचं पाऊल त्यांच्या बोटांवर पडलं. त्या थांबल्या.

"पंचू, इथं काय आहे रे?"

"काय नाहीं अक्का. ये तू. सरळ ये."