खुनी आधी सांगणारे तात्या

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, की तात्या पहिल्या घासाआधी खुनी सांगून टाकत. "खून पाद्र्याच्या भावानं केला. आता ऐका," असं म्हणून मग ते गोष्टीला हात घालत.

पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात आम्ही दोघे स्टोअरमध्ये होतो. तात्यांना नाद आयरिश पोलिसांच्या रहस्यकथांचा. एकाच फौजदारावरच्या, एकामागून एक निघालेल्या इंग्रजी कादंबऱ्या. गोऱ्या शिपायांनी मायदेशी जाताना टाकून दिलेल्या. खडकीच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून तात्या त्या शोधून आणत. त्या फौजदाराला ते 'आपले साहेब' म्हणत, आणि डब्लिन चाकणच्या जरा पुढं असावं अशा बेतानं बोलत. "परवा डब्लिनला काय पाऊस होता. साहेबांचे बूट अजून वाळले नसतील." साहेब पोलिसात असून कुणाकडे फुकटचा चहा पीत नाहीत, याचं तर त्यांना फार कौतुक.

आमच्यातला कुरुळीचा सोपान मोठ्या आवडीनं ऐकायला बसे आणि रोज वैतागे.

"आवो तात्या, खुनी आधीच सांगितल्यावर आमी ऐकायचं काय?"

"माणसं ऐका, सोपानराव. खुनी काय, कुणीतरी असतोच."

"ते व्हय. पण त्यात मजा ऱ्हात न्हाई."

एकदा सोपाननं कानांत बोटं घातली. तात्या शांतपणे थांबले, आणि त्यानं बोटं काढल्याबरोबर म्हणाले, "माळी."

पुढं मला टायफॉइड झाला. कारखाना सुटला की तात्या माझ्या खोलीवर येऊन उशाशी बसत. पुस्तक इंग्रजी, सांगणं मराठी. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "तात्या, एवढ्या वेळेला खुनी शेवटी सांगा."

त्यांनी मान हलवली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मग पुस्तक मिटलं.

"नाही जमत. डॉक्टरनं केला खून."

मी चिडलो. "आजारी माणसाचं एवढंही ऐकत नाही तुम्ही."

"ऐकायला हवं होतं," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोला इंग्रजी येत नव्हतं. संध्याकाळी ती भाजी निवडत बसे आणि तात्या तिला मराठीत वाचून दाखवत. तेव्हा त्यांचा नियम उलटा होता. शेवटचं पान येईपर्यंत खुन्याचं नाव नाही. एका पुस्तकाच्या मध्यावर ती आजारी पडली. दवाखान्यात तिनं विचारलं, "अहो, आता तरी सांगा, कुणी मारलं त्या म्हातारीला?"

"मी म्हटलं, घरी चल, मग वाचू. वाटलं, ऐकायच्या ओढीनं तरी उठेल." तात्यांनी चष्मा काढून पुसला. "दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तिनं. मी पुन्हा तेच म्हटलं. ती घरी आलीच नाही."

मी विचारलं, "मग ते पुस्तक?"

"पुरं केलं पुढं. भाच्यानं मारलं होतं." ते उठले, माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. "तिचा पहिल्यापासून त्याच्यावरच संशय. मावशीच्या तब्येतीची रोज इतकी चौकशी कोण करतं, म्हणायची. मी हसलो होतो तिला."