फोन म्हणतो, पाणी छान आहे

एका जंगलात, बाळांनो, नेटवर्क फार चांगलं होतं. झाडं उंच होती आणि ती अजून कुणी तोडली नव्हती, म्हणून. हसू नका. तुमच्या घरात नेटवर्क का येत नाही ते मला विचारू नका. मी गोष्ट सांगतो, दुरुस्तीला येत नाही.

त्या जंगलात एक पाणवठा होता. पाणी गार, काठ मऊ, आणि पाण्यात एक मगर. त्यांना सगळे मकरंदशेठ म्हणत. शेठ स्वभावाने अगदी शांत. दिवसभर तोंड उघडून काठाशी पडलेले असत. कधी कुणाला वाईट बोलले नाहीत, कुणावर आवाज चढवला नाही. फक्त अधूनमधून तोंड मिटत, आणि मग पाणी प्यायला आलेलं कुणीतरी घरी परतत नसे.

म्हणून त्या जंगलात एक रीत पडली होती. पाण्याला तोंड लावण्याआधी काठावरच्या टिटवीला मोठ्याने विचारायचं, "टिटवीबाई, पाणी कसं आहे?"

शेठ लांब असले तर टिटवीबाई म्हणत, "प्या, प्या." जवळ असले तर असा काही कालवा करत की मेलेलं झाडसुद्धा दचकावं. बाई तोंडाच्या फटकळ होत्या. उगाचच ओरडत, शेजाऱ्यांची दुपारची झोप मोडत, कुणाची सून कशी वागते तेही सांगत. पण पाण्याबद्दल त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

आता टिटवी एक आणि पिणारे सगळे. म्हणून ठोकाजी नावाच्या सुतार पक्ष्याने एक फोन बनवला. सागाच्या तुकड्याला चोच मारमारून बनवला. नाव ठेवलं 'टकटक'. उन्हात खडकावर ठेवला की तो चार्ज व्हायचा. दिसायला ओबडधोबड, खिशात मावणार नाही असा. पण प्राण्यांना खिसे नसतात, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. त्यावर एक मोठं लाल बटण होतं. ते दाबायचं. शेठ जवळ असले तर फोनमधून टिटवीबाईंचा आवाज यायचा. तो आवाज बाईंनी स्वतः दिला होता, आणि वर ठोकाजींना चहाही पाजला होता.

शेवंता नावाची एक हरिणी होती. त्या लाल बटणाने तिचा जीव एकदा वाचवला होता. शेठचं नाक तिच्या नाकाच्या इतकं जवळ आलं होतं की त्यांचा श्वास तिला लागला. तेव्हापासून ती बटण दाबल्याशिवाय पाण्याकडे बघतसुद्धा नसे. भित्री म्हणून बाकीच्या हरिणी तिला हसत. ती हसू देत असे.

पुढे ठोकाजींची चोच दुखायला लागली. एक दिवस जंगलात बातमी आली, की टकटक कंपनी मकरंदशेठनी विकत घेतली.

शेवंता धावत ठोकाजींकडे गेली. "मामा, अहो, हे काय केलंत? फोन शेठचा? ज्यांच्यापासून सांभाळायचं त्यांच्याच हातात?"

"अगं, काही बदलणार नाही," ठोकाजी म्हणाले. "शेठनी मला तसं तोंड उघडून सांगितलंय."

ठोकाजींना त्या बदल्यात आयुष्यभर पुरेल एवढा किडलेला ओंडका मिळाला होता. सुतार पक्ष्याला किडलेला ओंडका म्हणजे भरलेलं फडताळ. त्यांना 'संस्थापक' अशी पाटीही मिळाली. पाटी सागवानी होती आणि तिच्यावर चोच मारायला मनाई होती.

तुम्हाला वाटत असेल, की शेठनी दुसऱ्याच दिवशी लाल बटण काढायला लावलं. छे! शेठ मोठे मालक होते. मोठे मालक असलं काही सांगत नसतात. कंपनीची बैठक काठावर भरायची आणि शेठ तिथे नेहमीसारखे तोंड उघडून पडलेले असायचे, एवढंच. बैठकीतले सगळे एकदा फोनकडे बघायचे, एकदा त्या तोंडात बघायचे, आणि मग त्यांना फार चांगल्या कल्पना सुचायच्या.

बैठकीच्या प्रमुख होत्या टिटवीबाई. हो, त्याच. त्यांना बढती मिळाली होती. आता त्या काठावर नाही, शेठच्या खालच्या जबड्यावर बसत. शेठच्या दातांत जे अडकेल ते कोरून खायचं, हा त्यांचा पगार. पगार चांगला होता. फक्त शेठ जेवले तरच मिळायचा.

"लाल रंग डोळ्यांना टोचतो," एक माकड म्हणालं.

"राखाडी करू," टिटवीबाई म्हणाल्या.

"आवाज फार कर्कश आहे हो. माफ करा बाई, तुमचाच आहे, पण..."

"नको असू दे आवाज. थरथर पुरे. शहाण्याला थरथर कळते."

"आणि एवढं मोठं बटण कशाला? आत टाकू या ना. ज्याला हवं तो शोधेल."

 शेठनी डोळे मिटले. सगळ्यांनी एकमेकांकडे समाधानाने बघितलं आणि चहा मागवला.

नवा फोन निघाला. काय देखणा होता म्हणता! शेवाळासारखा गुळगुळीत, पानासारखा पातळ. कॅमेरा तर असा, की पाण्यावर वाकून फोटो काढला तर म्हातारं रानडुक्करसुद्धा देखणं दिसायचं. मात्र वाकायला हवं. कोरड्यावर काढलेला फोटो जरा अंधुक यायचा. आणि फोन इतका पातळ झाल्यामुळे उन्हावर चार्ज होणं बंद झालं. त्यासाठी कंपनीने पाणवठ्याच्या अगदी काठाला एक खास दगड बसवला. फोन त्या दगडावर ठेवायचा आणि चार्ज होईपर्यंत तिथेच उभं राहायचं. सोय म्हणून दगडाजवळचं गवत कापून घेतलं होतं. लपायला जागा राहिली नव्हती, पण बघायला छान दिसत होतं.

जंगलात झुंबड उडाली. पाणी प्यायल्यावर फोन विचारायचा, "आमची सेवा कशी वाटली? तारे द्या." सगळे पाच तारे देत. खरंच देत. ज्यांना सेवा वाईट वाटली असती, ते पाण्यातून परत येत नव्हते, त्यामुळे त्यांचे तारे मोजायचा प्रश्नच नव्हता. बैठकीत टिटवीबाईंनी जाहीर केलं, की एकही ग्राहक नाराज नाही. माकडांनी टाळ्या वाजवल्या.

शेवंताने जुना फोन पुष्कळ दिवस जपला. मग एकदा तो आपोआप सुधारला. रात्री झोपताना लाल बटण होतं, सकाळी नव्हतं, आणि उन्हात चार्ज होणंही बंद झालं होतं. तिला रडूच कोसळलं. तिचे दिवस भरत आले होते. पोटातल्या जिवामुळे तहान सारखी लागायची, आणि पूर्वीसारखी उडी मारणंही जमत नव्हतं.

ती पुन्हा ठोकाजींकडे गेली.

"मामा, माझं बटण कुठे गेलं?"

"आत आहे गं. सेटिंगमध्ये जायचं, मग 'इतर', त्या इतरमध्ये पुन्हा 'इतर'."

"मला खुरं आहेत, मामा. बोटं नाहीत."

ठोकाजींनी पाटीकडे बघितलं. "मी कळवतो वर," ते म्हणाले. पण ते कुठेच उडाले नाहीत, ओंडक्यावरच बसून राहिले. शेवंताला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

काही दिवसांनी तो 'इतर'मधला 'इतर'सुद्धा निघाला. आता फोनला विचारलं की तो गोड आवाजात सांगायचा, "पाणी छान आहे." आता याला खोटं म्हणायचं का, बाळांनो? पाणी छानच होतं. पाण्यात कोण आहे, हा वेगळा विषय.

एका दुपारी शेवंताचा घसा पार कोरडा पडला. फोनही बंद पडायला आला होता. ती पाणवठ्यावर गेली. दगडावर फोन ठेवला. त्याला विचारलं.

"पाणी छान आहे," फोन म्हणाला.

तिने मान खाली घातली. पण लहानपणापासूनची सवय होती, ती सुटत नव्हती. पाण्याला तोंड लावण्याआधी तिच्या तोंडून निघूनच गेलं, "टिटवीबाई, पाणी कसं आहे?"

समोर पाण्यावर एक ओंडका दिसत होता. त्या ओंडक्याच्या टोकावर टिटवीबाई बसल्या होत्या. त्यांनी शेवंताकडे बघितलं. तिच्या पोटाकडे बघितलं. किती दिवसांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं! त्यांचा गळा फुगला. चोच उघडली. पायाखालचा ओंडका जरासा हलला आणि चोच मिटली.

"फोन काय म्हणतो?" टिटवीबाईंनी अगदी हळू विचारलं.

"छान आहे म्हणतो."

"मग मी आणखी काय सांगणार, शेवंताताई?"

शेवंताताई! ज्या बाईने तिला जन्मभर 'ए खुळे' म्हणून हाक मारली, ती ताई म्हणत होती. जी बाई कधी हळू बोलायला शिकली नव्हती, ती हळू बोलत होती. आणि 'प्या' असं मात्र म्हणत नव्हती.  शेवंताने होता नव्हता तेवढा जोर लावला आणि मागे उडी घेतली.

ओंडक्याने तोंड मिटलं. तोंडात आला फक्त फोन, अर्ध्या दगडासकट.

शेवंता काटेरी झुडपात जाऊन पडली. टिटवीबाई वर उडाल्या होत्या आणि गोल गोल फिरत होत्या, एक शब्दही न बोलता. शेवटी त्या पुन्हा खाली आल्या आणि होत्या तिथेच जबड्यावर बसल्या. त्यांनाही घरी पिल्लं होती.

दुसऱ्या दिवशी शेवंताने बहिणीचा फोन मागून घेतला, खुराखाली धरला, नाकाने दाबला आणि एक तारा दिला. टकटकच्या साऱ्या इतिहासातला तो पहिला एक तारा. खाली लिहिलं, "पाण्यात शेठ होते. फोनने सांगितलं नाही."

लगेच उत्तर आलं. टकटक कंपनी उत्तरं फार तत्परतेने देते, हे मान्य केलं पाहिजे.

"आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल खेद आहे. आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. मालक आपल्याला प्रत्यक्ष भेटू इच्छितात. कृपया पाणवठ्यावर यावं. बाळ झाल्यावर त्याला घेऊन आलात तरी चालेल."

शेवंता गेली नाही. तिने डोंगरापलीकडचा एक झरा शोधला. पाणी थोडं, गढूळ, चालून चालून पाय दुखतात. तिथे तिला पाडस झालं. ते आता कान टवकारून पाणी पितं.

बाकीच्या हरिणींना तिचं फार वाईट वाटतं. "नवा फोन परवडत नाही ना बिचारीला," त्या म्हणतात, आणि फोटो काढायला पाण्यावर वाकतात.

तात्पर्य: फोन घेताना रंग बघावा, कॅमेरा बघावा, जाडी बघावी. मालक कोण ते विचारून दुकानदाराचा वेळ घेऊ नये. मालक स्वतःच भेटायला येतात.