सगळे जमू देत

आमच्या माणिकपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर सुरू करणं हे मुलीचं लग्न जमवण्याइतकं वेळखाऊ काम होतं, आणि ते तसं करून ठेवलं होतं फेलिक्स लोपीस यांनी.

लोपीस आमचे लॅबवाले. त्यांची व्यवस्था अशी, की कुठलंही मशीन चालू केलं की नेटवर्कवरच्या झाडून सगळ्यांची नावं आणि फोटो आधी पडद्यावर गोळा व्हायचे. प्राचार्य, शिपाई, सगळी पोरं. त्यांत आपला चेहरा शोधायचा, मग पासवर्ड. माणसं थोडी होती तोवर ठीक चाललं. पुढे पोरं वाढली आणि पडदा गाभण म्हशीसारखा बसून राहू लागला. मराठीच्या देसाईबाई एकदा मशीन चालू करून राजोडीला समुद्र बघून आल्या, तरी चेहरे ‘क’वरच! खोटं वाटत असेल तर त्यांच्या चपलांतली वाळू बघा.

आम्ही बोंब मारली की लोपीस स्टूल घेऊन हजर. "चर्चात मिस्सेला काय सगळे एकदम येतात? जमू देत, सगळे जमू देत." मग खिशातून आगाशीची सुकेळी, उन्हात वाळवलेली गोड केळी, निघायची. "बाई, नातवाला दात आले? कुलकर्णी, गुडघा काय म्हणतो?" चेहरे जमेपर्यंत आमची घरं त्यांना पाठ.

नवे प्राचार्य सुकेळी खाणारे नव्हते. "हे चेहरे आजच्या आज काढा. नाहीतर लॅब दुसऱ्याकडे."

लोपीस आत गेले आणि माझ्या तोंडातलं सुकेळं विरघळायच्या आत बाहेर आले. पडद्यावर नुसती नावाची चौकट लुकलुकत होती.

"एवढंच होतं?" बाई कडाडल्या. "मग इतकी वर्षं आम्हाला का तिष्ठत ठेवलंत?"

लोपीस चष्मा पुसत राहिले. "मशीन थांबलं की तुम्हीपण थांबायचात ना, बाई."

त्यानंतर कामं सुसाट. लोपीसना कोणी हाक मारीना. स्टूल कोपऱ्यात गेलं. बायको गेल्यापासून आगाशीच्या घरात ते एकटेच होते. आता कॉलेजातही.

एका सकाळी मला राहवेना. मी ओरडलो, "लोपीस, माझं मशीन परत अडकलं हो!"

स्टूल घेऊन ते धावत आले. समोर चौकट ठणठणीत लुकलुकत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. देसाईबाईंनी आपली खुर्ची जवळ ओढली.

लोपीस बसले. खिशात हात घातला.

"जमू देत," ते म्हणाले. "सगळे जमू देत."