शेवंतीकाकीचं स्टूल परत द्या

शेवंतीकाकीवर अन्याय झाला तो गेल्या मंगळवारी, दुपारी सव्वातीन वाजता, बंदराकडच्या सायबर कॅफेत. अन्याय करणारा बाबल्या. दारावरच्या पाटीवर तो स्वतःला ‘संचालक’ लिहितो, पण गावात बाबल्याच.

काकी मासे विकते. बाजार आटोपला की रिकामी टोपली कॅफेच्या पायरीखाली सरकवायची, नळावर पाय धुवायचे आणि आत दाराजवळच्या स्टुलावर येऊन बसायचं, हा तिचा दोन वर्षांचा शिरस्ता. कॉम्प्युटरला तिने आजवर बोट लावलेलं नाही. पण नवा गेम येऊ दे, इंटरनेटवर काही नवं निघू दे, त्यावर गावात पहिलं मत काकीचं. आणि ते तिला विचारावं लागत नाही.

गोळीबाराचा गेम बघून म्हणाली, “इतके मारलंस, खाणार कोण?” मोटारींच्या शर्यतीत तिचं लक्ष एकाच गोष्टीकडे. “मेल्या, वळण इला, हॉर्न मार!” फुकटच्या ई-मेलवर तर तिचा काडीचा विश्वास नाही. “पत्र फुकट, पाकीट फुकट. मगे पोस्टमन काय खाता?”

कॉलेजातल्या सुमनने एकदा लग्न जुळवणारी साइट उघडली. फोटो नेहमीसारखा वरून खाली इंच-इंच उतरत होता. आधी केस, मग कपाळ. काकी वैतागली. “मिशी येयपर्यंत माझी टोपली खपात!” शेवटी नवरामुलगा एकदाचा हनुवटीपर्यंत आला.

“काय लिवलां गो?”

“निर्व्यसनी, काकी.”

“माझो बांगडो मी पण ताजोच सांगतंय. तेका सांग, कल्लो उघडून दाखव!”

सुमनने तो मुलगा तिथेच बंद केला.

आता मूळ मुद्दा. काकीचा एक कायदा होता आणि तो कॅफेत बसणाऱ्या प्रत्येकाला लागू होता. गेममधला माणूस पाण्यात पडला, तर त्याला किनाऱ्यावर आणल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. वेळ संपो, वीज जायची पाळी येवो, घरून बोलावणं येवो. कोणी म्हणालं, “काकी, ह्याला तीन जीव असतात,” की ती उसळायची. “तीन आसत म्हणान एक बुडवशीत?”

मंगळवारी खुर्चीत कुडाळच्या एसटीचा कंडक्टर होता. गाडी समोरच्या थांब्यावरून तीनला सुटते. तीनला दोन मिनिटं कमी असताना त्याचा माणूस ओंडक्यावरून घसरून नदीत पडला. कंडक्टरने तिकिटांची पेटी उचलली. काकीने दारात पाय आडवा घातला.

“खंय चललास रे, माणूस पाण्यात टाकून?”

“काकी, गाडयेचो टाइम झालो!”

“गाडयेक चाकां आसत. ती बुडाची नाय. ह्यो बुडता.”

कंडक्टर खाली बसला. मी तिथेच होतो, पत्रक टाइप करत. ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग स्वतःच बघायला आला आणि तिथेच रमला. पाठोपाठ उतारू. दारात हीऽ गर्दी! “उजवीकडे मार!”, “अरे, ओंडको धर!” ओरोसला सरकारी कामासाठी निघालेले एक गृहस्थ आधी तक्रारीची धमकी देत होते. पाच मिनिटांनी तेच ओरडले, “मगर बघ, मगर!”

पण धमकी बाबल्याच्या डोक्यात बसली होती. सव्वातीनला त्याने सरळ बटण बंद केलं. पडदा काळा, माणूस पाण्यात. दुसऱ्या दिवशी स्टूल कपाटावर उलटं चढलं आणि दारावर फळा लागला : ‘विनाकारण बसू नये.’

विनाकारण! दिवसभर पंख्याखाली घोरणाऱ्या संचालकाने हे लिहावं?

मी पत्रक लिहिणारा माणूस. जेटीवरच्या दिव्यासाठी लिहिलं, भारनियमनावर लिहिलं. रात्रीत मजकूर तयार केला आणि सकाळी बाजारात काकीला वाचून दाखवला : ‘ज्या माउलीचं कुंकू या क्रूर दर्याने पुसलं...’

“कोणी सांगल्यान तुका?” काकीने सुरी खाली ठेवली. “माझो घो घरात, खाटयेर गेलो. पेज जेवान. दर्याचा नाव खराब करू नको!”

माझं पत्रक पहिल्याच ओळीत बुडालं. मी चिडून विचारलं, “मग काकी, तू सगळ्यांना पाण्यातून बाहेर काढायला कशाला लावतेस?”

तिने एक बांगडा उगाच उलटा केला, परत सुलटा केला.

“शेवटची होडी लागल्याबिगर आमी बायका किनाऱ्यारसून कधी उठूक नाय. आपलो माणूस इलो तरी बसाचा. सगळ्यांचे येयपर्यंत. आता तो गेलो, होडी इकली. थंय जावन कोणाची वाट बघू?” मग कॅफेच्या दिशेने हनुवटी उडवली. “हंय बसला की कोण ना कोण पाण्यात असताच.”

मी पत्रकाची घडी घातली. निघालो तर मागून हाक. “रे, त्या कंडक्टराचो माणूस भायर इलो मा?”

बघून सांगतो म्हणालो. कॅफेत गेलो, तोच गेम लावला. मला भाषण येतं, उड्या येत नाहीत. तीनदा पडलो. म्हणजे कंडक्टरचा एक आणि माझे तीन, सध्या पाण्यात चार जण आहेत.

तेव्हा वाचक हो, हळहळू नका. उद्या दुपारी तीनच्या आधी कॅफेत या. एकाने बाबल्याला फळा उतरवायला सांगा, दुसऱ्याने कपाटावरचं स्टूल खाली काढून दाराजवळ मांडा. आणि ज्याला कोणाला हा खेळ येत असेल त्याने खुर्चीत बसा; पण सुरू करू नका. आधी काकीला येऊ द्या.