लंकाकाकूंचं हिंदी

हॉलंडला जाणार म्हणजे जाणारच! चौऱ्याण्णव साली मी हे सगळ्या सातपूरला सांगून टाकलं होतं. तिथल्या विद्यापीठात सहा महिने व्याख्यानं द्यायची, खर्च त्यांचा, निवड दिल्लीच्या कमिटीची. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. वीस वर्षं कांद्याच्या सडीवर संशोधन करत होतो. कॉलेजात मला 'कांदासर' म्हणायचे. मी स्टाफरूममध्ये शिरलो की कुणीतरी हमखास नाक धरायचं! त्यात या शिष्यवृत्तीला वयाची अट, आणि माझं ते शेवटचं वर्ष. आता नाही तर कधीच नाही.

आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून अर्जावर शेजारच्या लंकाकाकूंचा नंबर दिला होता.

एका संध्याकाळी कॉलेजातून आलो, तर काकू फाटकातच उभ्या.

"सर, सकाळी दिल्लीवरून फोन आलता! बाई होती. मी पार हिंदीत बोलले!"

"काय म्हणाली?"

"लय मायाळू बाई हो! तुमचं ऐकलं अन् गळाच दाटला तिचा."

"गळा दाटला? तो का?"

"आनंदानं! दुसरं काय?"

माझ्या बायकोनं, मनीषानं, लगेच पेढे वाटले. मी गरम कोट शिवायला टाकला. पण महिना उलटला तरी दिल्लीहून काही येईना. शेवटी आम्ही दोघं एसटीडी बूथवर गेलो.

"नाशिक के प्रोफेसर गायखे के बारे में पूछना था," मी स्वतःचंच नाव घेऊन म्हणालो.

पलीकडची बाई हळूच म्हणाली, "आप उनके घर से हैं? बहुत अफसोस हुआ जी. पडोसन ने बताया, उसी सुबह साइकिल पर गुजर गये."

गुजर गये! अहो, मी सायकलवरून त्यांच्या दारावरून पुढे गेलो, एवढंच काकूंना सांगायचं होतं! आणि दिल्लीनं मला सायकलसकट वर धाडलं!

"और... उनकी जगह?" मी विचारलं.

"दूसरे साहब गये. पिछले हफ्ते हॉलंड पहुँच भी गये."

संपलं. आता निदान 'मी जिवंत आहे हो बाई!' असं तरी ओरडावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "कमिटी में सबने उन्हीं को चुना था. कहते थे, प्याज पर ऐसा काम किसी ने नहीं किया."

वीस वर्षांत हे मला कुणीही म्हटलं नव्हतं. कुणीही. डोळे भरून आले. मनीषा माझी बाही ओढत होती, "अहो, काय झालं? सांगा ना!"

मी तिला हातानंच थांबवलं, रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि विचारलं, "और क्या कहते थे, उनके बारे में?"