टाकीतले गहू

शनिवारी दुपारी काकासाहेब गाडीखाली आडवे होते. बाहेर दिसत होते ते फक्त पाय. पायांशी त्यांची लेक प्रियदर्शनी चहा घेऊन उभी होती.

"आबा, सगळीकडं पेट्रोलचा वास येतोय. द्या की ही गाडी भंगारात."

"गाडी चांगलीय. टाकीची तेवढी चाळणी झालीय."

साठ वर्षांच्या त्या फियाटसाठी काकासाहेबांनी नवीन जालन्यातली दुकानं पालथी घातली होती. टाकी मिळाली नाही. शेवटी मस्तगडच्या राजानंदनं माप घेतलं. राजानंद धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करायचा.

"कोठीवाला टाकी करणार?"

"त्याच्या कोठीत मुंगी शिरत न्हाई, मंग पेट्रोल भाईर कसं येईल?" गाडीखालून उत्तर आलं. "टाकी बसली की तुला गाडी शिकवतो. येतीस ना, माय?"

"वेळ कुठंय, आबा?"

हे उत्तर ती पंधरा वर्षं देत होती. चहा पायांजवळ ठेवून ती आत गेली.

रविवारी काकासाहेब झोपेतून उठलेच नाहीत.

तेराव्या दिवशी आष्टीच्या घरापुढं मांडवात पंगत उठत असताना टेम्पो थांबला. राजानंदनं खाली उडी मारली.

"काकासाहेब, या भाईर! थेंब गळला तर धंदा सोडून देतो!"

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. मग राजानंदला हार घातलेला फोटो दिसला आणि तो होता तिथंच, चपलांच्या ढिगावर बसला. कुणीतरी त्याला पाणी दिलं. ते प्यायचं त्याला सुचेना.

तोवर दैवशालाआत्यानं टेम्पोतली वस्तू उतरवून घेतली. चकचकीत पत्रा, वर झाकण, झाकणाला कडीकोयंडा. नवं भांडं रिकामं उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, तेही अशा दिवशी, म्हणून तिनं नरसाळं लावून गहू ओतायला घेतले. प्रियदर्शनी पोचली तेव्हा गहू तोंडाशी आले होते.

"आत्या! ही गाडीची टाकी आहे!"

"मंग कोयंडा कशाला गं? पेट्रोलला कुलूप लावतेत का?"

सगळ्यांनी राजानंदकडं पाहिलं.

"हात सवयीनं चालतो," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"राहू द्या आता," प्रियदर्शनी म्हणाली. "उद्या भंगारवाला गाडी न्यायला येतोय. टाकीही जाईल." गाडीकडं तिला बघवत नव्हतं. फोन तिनंच केला होता.

"गाडी जाऊन राह्यली तर जाऊ दे," आत्या कडाडली, "माझे गहू कामून जातील?"

टाकी उलटी केली. मूठभर गहू पडले आणि थांबले. पेट्रोल हिंदकळू नये म्हणून राजानंदनं आत आडवी पट्टी बसवली होती, गहू तिच्यामागं अडकले. चार टोपीवाल्यांनी टाकी उचलून हलवली. एवढ्यात परतूरहून एक पाहुणे तोंड पाडून भेटायला आले. "फार वाईट झालं," ते म्हणाले.

"व्हय. तेवढा ह्यो कोपरा धरा," आत्या म्हणाली.

पाहुण्यांनी धरला. पाच जण सुतकी चेहऱ्यानं टाकी खुळखुळवू लागले. प्रियदर्शनीला हसू आवरेना. ते लपवायला ती खाली वाकली, आणि तिला टाकीचा तळ दिसला.

लग्नातल्या भांड्यांवर असतात तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती: 'चि. प्रियदर्शनीस, आबांकडून.'

"कोठीवर नाव घालतोच मी," राजानंद पुटपुटला. "इचारलं, कुणाचं घालू? म्हणले, जिला चालवायचीय तिचं."

पाचही जण थांबले. टाकीतून दोन-चार गहू आपोआप पडले.

प्रियदर्शनीनं फियाटचं दार उघडलं. आजवर ती नेहमी शेजारच्या सीटवर बसली होती. आज ती स्टिअरिंगमागं बसली. शेजारची सीट रिकामी होती. तिच्याकडं बघून, मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली,

"आबा, वेळ आहे मला. शिकवा."